पांझरेचे पाणी आणि फडाचा ठराव

पांझरा नदीच्या पात्रात आडवा घातलेला हा दगडी बंधारा फार उंच नाही, कारण नदी पुरती अडवावी असा त्याचा हेतूच नव्हता. तो पाण्याची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत चढवतो आणि उरलेले पाणी माथ्यावरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जाऊ देतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर असे बंधारे एकापाठोपाठ एक आहेत. त्यांवर चालणारी फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग (फड) पाडून त्यांना मिळून पाणी देण्याची रीत, सुमारे 300 ते 400 वर्षांची मानली जाते.

बंधाऱ्याच्या कडेने निघालेला पाट जमिनीच्या उताराने चालतो. पंप नाही, वीज नाही. पाटातून चारीत आणि चारीतून वाफ्यांत पाणी उतरते. हा पाटकरी पाहा. फावड्याच्या दोन घावांत तो चारीचे दार फोडतो आणि वाफा भरला की त्याच मातीने ते बुजवून पुढचे दार धरतो. पाणी देण्याचे काम त्याचे, शेतमालकाचे नाही.

आमच्या मते या पद्धतीतली सर्वांत मोठी कारागिरी पिकांच्या आखणीत आहे. बंधाऱ्याखालची जमीन बहुधा चार फडांत विभागलेली असते आणि एका फडात, मालक कितीही असले तरी, त्या वर्षी एकच पीक घ्यायचे असते. उसाचे पाणी शेजारच्या बाजरीत पाझरून ती पिवळी पडू नये, सगळ्या वाफ्यांची तहान एकाच वेळी लागावी आणि पीक राखणे जागल्याला सोपे जावे, हे सगळे त्या एका ठरावाने साधते. कोणत्या फडात काय पेरायचे, हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात. हंगामापूर्वी पाटातला गाळही मिळूनच काढतात. देखरेख करणारा हवालदार, पाटकरी, जागल्या यांना मोबदला पूर्वी पिकातूनच मिळे. ज्याला ऊस हवा, त्याला आपल्या फडाची पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि ते थांबणे इथे पिढ्यान्‌पिढ्या मान्य झालेले आहे.

पुढे नदीचे पाणी वरच्या अंगाला अडले, विहिरींवर विजेचे पंप बसले, जो तो आपल्या मनाचे पीक घेऊ लागला आणि अनेक फड मोडले.

इथे पाळी अजून चालू आहे. शेवटच्या वाफ्यातली ढेकळे आधी काळी पडतात, मग हळूहळू विरघळतात. पाटकरी दार बुजवतो, फावडे खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेने वरच्या चारीकडे निघतो.