इंगलशमचं चर्च आणि खरवडायचं नाही म्हणणारी माणसं

दक्षिण इंग्लंडमध्ये लेचलेड गावाजवळ, जिथं थेम्स नदीचं पात्र अजून लहानसंच आहे, तिथं इंगलशम नावाची वस्ती आहे. मध्ययुगात तिथं बऱ्यापैकी गाव होतं. आज मोजकी घरं उरली आहेत आणि जुन्या गावठाणाच्या जागी शेतात नुसते उंचवटे दिसतात. चर्च मात्र उभं आहे, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं. 1205 साली राजा जॉननं ते ब्यूलीच्या मठाला दिलं आणि आता दिसणारी बरीचशी इमारत त्याच सुमाराची आहे. शिखर नाही, मनोरा नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दोन घंटांपुरता एक छोटा दगडी कोनाडा आहे आणि त्याचा भार पेलायला खाली एक भक्कम पुश्ता.

मोठमोठी कॅथीड्रल सोडून मी या एवढ्याशा चर्चवर बोलायला उभा आहे. इंग्लंडमधली मध्ययुगीन चर्चेस एकोणिसाव्या शतकाआधी आतून कशी दिसायची, हे याच्याइतकं स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी कळतं.

रचना समजायला सोपी आहे. लोकांनी जमायचा मधला भाग म्हणजे नेव्ह, आणि त्याच्या पूर्वेला चॅन्सेल, जिथं वेदी असते. आपल्या सभामंडप आणि गाभाऱ्याचं नातं आठवा, म्हणजे झालं. नेव्हच्या दोन्ही बाजूंना खांब आणि कमानींच्या ओळीपलीकडे अरुंद पडव्या आहेत, त्यांना आइल म्हणतात. सगळं लहान आहे आणि काहीसं ओबडधोबड. पण आत पाऊल टाकलं की नजर कमानींवर ठरत नाही, ती भिंतींवर जाते. भिंती चुन्यानं पांढऱ्या केलेल्या आहेत आणि त्या चुन्यातून चित्रं आणि अक्षरं जागोजागी वर आली आहेत.

ही चित्रं तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची आहेत. मध्ययुगात भिंतीवर संतांची चित्रं आणि नक्षी असायची. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि चित्रं म्हणजे मूर्तिपूजा, असा निवाडा आला. तेव्हा देशभर चर्चच्या भिंतींवर चुना फिरवला गेला आणि त्यावर बायबलमधली वचनं लिहिली गेली. ती पुसट झाली की पुन्हा चुना आणि पुन्हा वचनं. इंगलशममध्ये काही ठिकाणी असे सात सात थर एकावर एक आहेत. ज्या चुन्यानं चित्रं झाकली, त्यानंच ती जपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

दक्षिणेकडच्या भिंतीत माता आणि बालकाचं, म्हणजे मेरी आणि बाळ येशूचं, एक सॅक्सन काळातलं शिल्प बसवलेलं आहे, म्हणजे ते चर्चच्या आताच्या इमारतीहूनही जुनं आहे. वर ईश्वराचा हात आहे, बालकाकडे रोखलेला. पूर्वी हे शिल्प बाहेरच्या बाजूला होतं आणि कुणीतरी त्यावर रेघा कोरून त्याचं सूर्यघड्याळ केलं होतं. त्या रेघा अजून आहेत. विसाव्या शतकात शिल्प आत आणलं, तेव्हाही त्या कुणी घासून काढल्या नाहीत.

नेव्हमध्ये ओकच्या लाकडाचे बाक आहेत, सतराव्या-अठराव्या शतकातले. बाक म्हणजे उंच फळ्यांचे आणि दार असलेले खोकेच. एकेका कुटुंबानं आपल्या खोक्यात बसायचं, दार लावून घ्यायचं. त्यामुळे गार वारा लागत नसे आणि लांबलेलं प्रवचन सोसत असे.

नेमके हेच बाक एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांना खुपले. 1839 मध्ये केंब्रिजला कॅम्डन सोसायटी स्थापन झाली. तिचं म्हणणं होतं की देवाच्या घरात खाजगी मालमत्ता कशाला? श्रीमंतांना खोके आणि गरिबांनी मागं उभं राहायचं, हे त्यांना सोसत नव्हतं. हा आक्षेप रास्त होता, असं मी मानतो. पण त्यातून जे निघालं ते भयंकर होतं. बाक उपटले गेले, गिलावा खरवडून भिंतीचे दगड उघडे पाडले गेले. मुळात ते दगड दिसावेत म्हणून रचलेलेच नव्हते. गिलाव्याबरोबर चित्रंही गेली. फरशा काढून चकचकीत टाइल्स आल्या. चौदाव्या शतकाची शैली सर्वांत शुद्ध, असं ठरवून नंतरच्या खिडक्या पाडल्या गेल्या आणि त्या जागी नव्यानं ‘जुन्या’ खिडक्या बसल्या. अनेक पडकी छपरं याच काळात वाचली, तेही खरं. तरी इंग्लंडच्या बहुतेक जुन्या चर्चेसचं आतलं रूप आज व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं आहे.

या कामातलं सर्वांत मोठं नाव वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे त्यांचेच. मुंबईला मात्र ते कधी आले नाहीत. 1877 मध्ये ट्यूक्सबरीच्या चर्चचं काम स्कॉट करणार असल्याचं वाचून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस संतापले. त्यांनी अथेनियम या साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात फिलिप वेब वगैरे मित्रांसह जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी केली. ती आजही काम करते. मॉरिस तिला प्रेमानं ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली. तत्त्वासाठी त्यांनी पदरमोडही केली. त्यांची कंपनी चर्चसाठी रंगीत काचा बनवायची. जुन्या चर्चेसच्या अशा नूतनीकरणाला काचा पुरवणं त्यांनी बंद केलं.

मॉरिस यांचं केल्मस्कॉटचं घर इंगलशमहून काही मैलांवर. 1888-89 मध्ये त्यांच्या पुढाकारानं आणि मदतीनं या चर्चची डागडुजी झाली. देखरेख वास्तुविशारद जे. टी. मिकलथ्वेट यांची होती. इमारत पडू नये एवढं केलं. बाक, लाकडी आडपडदे, व्यासपीठ, गिलावा, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात जुनी भिंत पाडून नवी बांधणं सोपं असतं. तिच्यावरचं चित्र न हलवता तिला सावरणं अवघड. त्याला जास्त कसबी गवंडी लागतो.

आज हे चर्च चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे. इंग्लंडमधली नेहमीच्या उपासनेतून मोकळी झालेली साडेतीनशेहून जास्त चर्चेस ही संस्था सांभाळते. नदी जवळ, जमीन ओली, त्यामुळे गिलाव्याला ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यात थरांचा पेच आहे. तेराव्या शतकातलं चित्र पूर्ण उघडायचं, तर त्यावरची सतराव्या शतकातली वचनं नष्ट करावी लागतील. कुठलं शतक ठेवायचं? स्कॉट यांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता. इंगलशमच्या भिंतीवर आज एका जागी नक्षीचा तुकडा दिसतो, त्याला चिकटून जाड काळ्या अक्षरांची अर्धी ओळ, आणि तिच्याखालून आणखी जुनी अक्षरं डोकावतात. वाचायला त्रास होतो. माझ्या मते तो तसाच राहू द्यावा.