डावीकडे ओढणारी गाडी

[दृश्य: इंदूर, रामबाग. वाड्यामागची पत्र्याची शेड. ताडपत्री ओढली जाते, धूळ उडते.]

ही आमच्या आबांची बेबी हिंदुस्थान. मूळची इंग्लंडची मॉरिस मायनर, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली, १९४८ साली लोकांसमोर आलेली. आपल्याकडे ती बंगालात, उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार झाली आणि 'बेबी' म्हणून ओळखली गेली. हिच्या नोंदणी पुस्तकावर अजून 'मध्यभारत' असा शिक्का आहे. म्हणजे १९५६ साली मध्य प्रदेश झाला, त्याआधीची ही गाडी.

हिची एक खोड आम्हां सगळ्यांना पाठ होती. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. आबा ब्रेकवर पाय ठेवता ठेवताच स्टिअरिंग जरासं उजवीकडे घ्यायचे. बाबाही तसंच शिकले. घरात कुणी हट्टाला पेटलं की आजी म्हणायची, "आबांच्या गाडीवर गेलाय."

आबा गेल्यावर गाडी बारा वर्षं इथे उभी होती. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं, तेव्हा घरात चर्चा सुरू झाली ती रंगाची. मिस्त्रीकाकांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटा, रंगाचं मागून बघू. आधी ही थांबते कशी ते बघू."

[दृश्य: पुढचं चाक काढलेलं. ओल्या फडक्यानं ड्रम पुसणारे हात.]

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं गोल भांडं. ब्रेक दाबला की आतल्या अर्धगोल पट्ट्या, म्हणजे शू, त्याला आतून घासतात; त्या शूंवर बसवलेला थर म्हणजे लायनिंग. फडकं ओलं आहे, त्याला कारण आहे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. म्हणून इथे हवेचा पाइप लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. पुसायचं, आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. मूळ वस्तू जपण्याचा माझा कितीही आग्रह असला, तरी लायनिंगच्या बाबतीत तो नाही. शू मूळचे ठेवले, त्यांवर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं नवं लायनिंग रिव्हेट करून घेतलं.

आता ड्रमच्या आत बघा. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन शू आणि दोन सिलिंडर, एक वर, एक खाली. मागच्या चाकांना सिलिंडर एकेकच. पायानं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब पाइपांतून सगळ्या चाकांपर्यंत सारखाच पोचतो, आणि सिलिंडरमधले पिस्टन शूंना ड्रमवर रेटतात.

ही जादू इंदूरला नवी नव्हती. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली होती, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून. चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९२१ साली नेहमीच्या विक्रीच्या गाडीत आणले ते याच ड्यूसेनबर्ग कंपनीनं. महाराजांची गाडी कुठे आणि आमची कुठे! पण पायाखालचं तत्त्व एकच. तो ब्रेक शोधणाऱ्या माल्कम लॉकहीड यांचं नाव आमच्या या छोट्या गाडीच्या लोखंडावरही आहे.

[दृश्य: अगदी जवळून. पितळी ब्रश फिरतो. काळ्या थराखालून अक्षरं वर येतात.]

लॉकहीड. इंग्लंडात लेमिंग्टन स्पा इथली ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स ही कंपनी हे ब्रेक बनवायची. अक्षरांवरून बोट फिरवलं तर ती लोखंडाबरोबरच ओतलेली आहेत हे कळतं. कडा बोथट, पृष्ठभाग वाळूच्या साच्याचा, किंचित खरखरीत. मागाहून ठोकलेल्या अक्षराची कड बोटाला टोचते.

मी आधी खोक्यांवर विश्वास ठेवत होते. जुनं पिवळं खोकं, त्यावर छापलेला नंबर, की वाटायचं, झालं, ओरिजनल! काकांनी ती सवय मोडली. खोक्यात कुणीही काहीही घालू शकतं. शिवाय नंबरांचा घोळ वेगळाच, कारण एकाच भागाला गाडी बनवणाऱ्याचा एक नंबर आणि ब्रेक बनवणाऱ्याचा दुसरा. दोन नंबर जुळले नाहीत म्हणून मी एक अस्सल सिलिंडर परत करून बसले होते. त्याची चुटपुट अजून आहे.

उजव्या चाकाचे दोन्ही सिलिंडर निघाले. दोन्हींवर लॉकहीड, दोन्हींचं माप एक. डाव्या चाकाचा वरचाही तसाच. मग डावीकडचा खालचा.

[दृश्य: चार सिलिंडर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. चौथा हातात घेतला जातो.]

याच्यावर काहीच नाही. ना नाव, ना आकडा. आणि ज्या पत्र्यावर तो बसवलेला होता, त्याचं भोक बघा. गोल राहिलेलं नाही. कुणीतरी कानशीनं घासून मोठं केलंय, घासल्याच्या रेघा इतक्या वर्षांनीही दिसतात. जो भाग बसवायला भोक घासावं लागतं, तो त्या जागेचा नसतो.

काकांनी आतला रबरी कप काढून बाजूला ठेवला. मला वाटलं, त्याचंच माप घेतील. पण ते रबर फुगलेलं होतं. आबांच्या पश्चात एका गॅरेजवाल्यानं ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतलं होतं, आणि या रबराला खनिज तेल चालत नाही; ते फुगतं, मऊ पडतं. फुगलेल्या रबरानं आम्हांला चुकीचंच माप सांगितलं असतं. माप घ्यायचं ते लोखंडाच्या नळीचं, तेही गंजानं खड्डे पडले नसतील अशा जागी.

व्हर्निअर आत गेला. काका म्हणाले, "एक सूत जास्त."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरही पूर्ण नाही. पण जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गानं. समजा सहा सुती सिलिंडरच्या जागी सात सुती बसवला. तेवढ्याच दाबाला त्याचा जोर ३६ टक्क्यांनी वाढतो. आमच्या गाडीत पुढच्या चारांपैकी एकच शू असा जादा रेटा देत होता. पुढचा, डावा, खालचा.

म्हणजे ती गाडीची खोड नव्हतीच. कधीतरी, कुठेतरी अडलेल्या वेळी कुणीतरी मिळेल तो सिलिंडर बसवून दिला होता, आणि माझे आजोबा उरलेलं सगळं आयुष्य तो हातानं सावरत राहिले.

बाबा त्या वर्तमानपत्रापाशी बराच वेळ बसून होते. महेश्वरला जाताना आबा घाट उतरायचे तो ह्याच गाडीनं, मागच्या सीटवर तीन पोरं घेऊन.

[दृश्य: गाडीच्या आत. चालकाच्या पायाखालचं झाकण उघडतं.]

मास्टर सिलिंडर इथे असतो, चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोकळ पट्टीत. त्याचे बोल्ट बाहेर काढायला टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई, आडवा येतो, त्यामुळे या कामाला एक अख्खा दिवस गेला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि बारा पावसाळ्यांनी आतून लोखंड खाल्लं होतं. काकांनी लेथवर नळी मोठी करून आत पितळी स्लीव्ह बसवली. बाहेरचं लोखंड मूळचंच राहिलं, आतलं माप पुन्हा मूळचं झालं. रबर आणि होस पाइप मात्र सगळे नवे. रबरात जुनं ते सोनं नसतं.

अनेकांनी सुचवलं, पुढे मोठे ड्रम टाका. १९६२ पासून मायनरला पुढे आठ इंची ड्रम आले, त्याआधी सात इंची होते. आठ इंची चांगले थांबवतात, वादच नाही. पण ही गाडी रविवारी सकाळी फिरणार, आणि सात इंची नीट जुळवले तर तिच्या वेगाला पुरतात. आम्ही सातच ठेवले.

चौथा सिलिंडर मिळायला पाच महिने लागले. आत्येभाऊ पुण्याच्या नाना पेठेत हिंडला, तिथे नाही मिळाला. शेवटी महूला एका बंद गॅरेजच्या माळ्यावर मोडक्या मायनरचा पुढचा भाग सापडला. काकांनी खिशातून ब्रश काढला, थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं, आणि मला जवळ बोलावलं. मी बोट फिरवलं. कडा बोथट होत्या.

[दृश्य: पहाट. सुपर कॉरिडॉर, मोकळा रस्ता. बाबा स्टिअरिंगवर, काका शेजारी.]

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून झाली आहे. पेडल घट्ट लागतंय. बाबा ताशी चाळीसला गेले आणि काकांनी हात वर केला.

बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या उजवीकडे, हातभर सरकून.

काका उतरले, पुढची दोन्ही चाकं बघून आले, खिडकीशी वाकले. "ब्रेक बरोबर आहेत, साहेब. तुम्हीच उजवीकडे घेताय."

बाबांनी स्टिअरिंगवरचे आपले हात पाहिले. मग गाडी मागे घेतली, पुन्हा चाळीसला नेली, आणि या वेळी ब्रेक दाबताना हात तेवढे सैल सोडले.