कर्णधार तोच, प्रेक्षकही तेच

श्रोतेहो,

इंदूरमध्ये काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभी आहे. तिचं नाव 'विजय बल्ला'. १९७१ साली भारताने आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, त्या आनंदात ती उभारली गेली आणि तिच्यावर खेळाडूंची नावं घातली गेली. १९७४ साली इंग्लंडमधून लागोपाठ तीन पराभवांच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांनी तीच बॅट विद्रूप केली. मुंबईत कर्णधार अजित वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तीन वर्षांपूर्वी याच शहराने त्यांना मिरवत आणलं होतं.

कर्णधाराबद्दलचं लोकांचं मत कसं बनतं आणि कसं फिरतं, हे बघायला वाडेकरांइतकं चांगलं उदाहरण आपल्या क्रिकेटमध्ये दुसरं नाही. एरवी तुलना अवघड जाते, कारण संघ बदलतो, प्रतिस्पर्धी बदलतो, कर्णधाराचं वय बदलतं. इथे कर्णधार एक, प्रतिस्पर्धी एक, देश एक आणि मध्ये अंतर जेमतेम तीन वर्षांचं. गावसकर, विश्वनाथ, इंजिनियर, सोलकर, आबिद अली, बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही मंडळी दोन्ही दौऱ्यांवर होती. तरीही एकदा मिरवणूक निघाली आणि एकदा दगड पडले. मधल्या काळात नेमकं काय बदललं, ते आज तपासायचं आहे.

सुरुवात संशयाने झाली होती, हे आपण विसरतो. १९७१ च्या जानेवारीत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर पतौडींचं कर्णधारपद गेलं आणि वाडेकरांकडे आलं. पतौडी लोकांचे लाडके. परदेशातला आपला पहिला मालिकाविजय, १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये, त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला होता. त्यामुळे वाडेकर निघाले तेव्हा 'मुंबईचा माणूस म्हणून मिळालं' अशी कुजबुज होतीच. माणूसही कमी बोलणारा, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा. लोकांना चटकन आवडावं असं त्यात काही नव्हतं.

मग वेस्ट इंडिज दौऱ्यावर किंग्स्टनची कसोटी आली. तिथे थोडं थांबू, कारण कर्णधाराचं खरं काम कसं असतं ते तिथे स्वच्छ दिसतं. पहिला दिवस पावसात गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली होती. तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, सोलकरने ६१, आणि डाव ३८७ पर्यंत गेला. वेस्ट इंडिज २१७ वर आटोपलं. आघाडी १७०. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लागलीच पुन्हा फलंदाजी करायला लावायला, २०० धावांची आघाडी लागते. पण पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नसेल तर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मर्यादा १५० वर येते. वाडेकरांना हे ठाऊक होतं. त्यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितलं. वेस्ट इंडिजने तो सामना आरामात अनिर्णित ठेवला, कन्हाय शतक करून नाबाद राहिले. तरी सोबर्सच्या संघाला भारताने फॉलोऑन दिला ही गोष्ट दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये पोहोचली होती. धावफलकावर मात्र त्या निर्णयाची कुठेही नोंद नाही, निकाल फक्त 'अनिर्णित' असा दिसतो.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला झेलबाद केलं. तो झेल वाडेकरांचा. भारत सात गडी राखून जिंकला, मालिका १-० अशी घेतली. गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी मालिकेत ६४२. कर्णधाराची स्वतःची बॅट त्या दौऱ्यात फारशी चालली नव्हती. म्हणून लोकांनी त्यांना काय म्हटलं? 'लकी कॅप्टन'. गावसकर सापडले, सरदेसाई चालले, दुराणींचा हात लागला, आणि श्रेय नशिबाला. बढती अशी पहिल्यांदा नशिबाच्या नावावर मिळते. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे तोच त्यांच्यावर उलटला.

नशीब होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर १८३ धावांचा पाठलाग करताना आपण ८ बाद १४५ वर होतो आणि पावसाने खेळ थांबला. मँचेस्टरला ४२० धावांचं लक्ष्य होतं, आपण ३ बाद ६५, आणि शेवटचा दिवस पूर्ण वाहून गेला. तो दिवस कोरडा गेला असता तर ओव्हलला आपण बहुधा पिछाडीवर उतरलो असतो.

आता ओव्हल. इंग्लंड पहिल्या डावात ३५५, आपण २८४. त्यानंतर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर संपला, चंद्रशेखर ३८ धावांत ६. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. मी तुम्हाला बाकीच्या गोलंदाजीचं पृथक्करण सांगतो, कारण कर्णधार तिथे आहे. इंग्लंडचा डाव ४५.१ षटकं चालला. त्यात आबिद अली आणि सोलकर यांची मिळून सहाच षटकं. चंद्रशेखर १८.१, वेंकटराघवन २०. आणि बेदी? एक. बेदींसारखा गोलंदाज हाताशी असताना, आणि त्या एकाच षटकात त्यांनी बळी घेतलेला असताना, वाडेकरांनी लय सापडलेली जोडी मोडली नाही. जवळ सोलकरसारखा क्षेत्ररक्षक ठेवला, ज्याने वेंकटच्या गोलंदाजीवर नॉटचा झेल पुढे झेपावून घेतला. बदल करण्याचा मोह आवरणं हाही निर्णय असतो, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही. लोकांना गोलंदाज बदललेला दिसतो, न बदललेला दिसत नाही.

शेवटच्या दिवशी १७३ धावांच्या लक्ष्यापैकी ७६ झाल्या होत्या. वाडेकर ४५ वर होते, आणि एकही धाव न वाढवता धावबाद झाले. आत जाऊन ते झोपले. विजयाच्या वेळी त्यांना इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टननी उठवलं, ही हकिकत पुढे घराघरांत सांगितली गेली. केवढा थंड डोक्याचा माणूस! २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. भारताने सहा गडी गमावून, सुमारे १०१ षटकं खेळून १७४ केल्या. २६ कसोटींत न हरलेला इंग्लंडचा संघ हरला.

पण त्या दिवशी आपण तीस धावांनी हरलो असतो तर? बॅरिंग्टननी उठवल्याची तीच हकिकत कशी सांगितली गेली असती? कर्णधार स्वतः धावबाद झाला आणि जाऊन झोपला, संघाची त्याला पर्वा नव्हती. वागणं तेच राहिलं असतं. चाहत्यांच्या मतातली ही सर्वांत मोठी गोम आहे. स्वभावाला नाव निकालानंतर दिलं जातं. शांतपणा जिंकल्यावर 'थंड डोकं' होतो आणि हरल्यावर 'थंडपणा'. आक्रमकपणा आणि आततायीपणा यांचंही तसंच.

१९७२-७३ मध्ये टोनी लुईसचा इंग्लंड संघ आला. दिल्ली हरून कोलकाता आणि चेन्नई जिंकत आपण मालिका २-१ ने घेतली. चंद्रशेखरने ३५ बळी घेतले. सलग तिसरा मालिकाविजय. असंतोष मात्र तिथूनच दिसू लागतो. कानपूरच्या कसोटीत दुराणींना वगळलं तेव्हा 'दुराणी नाही तर कसोटी नाही' असे फलक झळकले. इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे निवड समितीत कर्णधाराला मत नसतं. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, मतदान निवड समितीचे सदस्य करतात. त्याचं वजन किती, हे त्याच्या अलीकडच्या निकालांवर आणि समितीच्या अध्यक्षांवर ठरतं. पण मैदानावर समोर दिसतो तो कर्णधार, त्यामुळे वगळलेल्या प्रत्येक लोकप्रिय खेळाडूची उधारी त्याच्या खात्यावर चढत जाते. जिंकत असेपर्यंत ती कोणी मागत नाही. पहिल्या मोठ्या पराभवाला सगळी एकदम मागितली जाते.

ती वेळ १९७४ मध्ये आली. पहिला फरक कॅलेंडरचा. १९७१ च्या कसोटी जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या, खेळपट्ट्या वाळलेल्या होत्या, ओव्हलची तर मोसमाच्या शेवटाची. १९७४ चा दौरा उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्यात होता, पहिली कसोटी जूनच्या सुरुवातीची. थंडीत बोटं आखडतात, ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या पकडीत बसत नाही, मऊ खेळपट्टीवर तो पडल्यावर संथ वळतो आणि फलंदाजाला मागे जाऊन खेळायला वेळ मिळतो. त्याच हवेत सीमवर, म्हणजे शिवणीवर, पडलेला वेगवान चेंडू दोन्हीकडे हलतो. म्हणजे आपलं हत्यार बोथट आणि त्यांचं धारदार, तेही एकाच वेळी. त्यात सरदेसाई निवृत्त झालेले, संघात कर्णधार आणि काही ज्येष्ठ खेळाडू यांच्यात बेबनाव.

मँचेस्टरला गावसकरांनी शतक केलं, तरी ११३ धावांनी पराभव. लॉर्ड्सवर इंग्लंड ६२९. बेदींनी सहा बळी घेतले, पण २२६ धावा देऊन. चंद्रशेखर जखमी. आपल्या पहिल्या डावात इंजिनियर आणि गावसकर यांनी १३१ ची सलामी दिली होती आणि ३०२ धावा झाल्या होत्या, हे आज कोणाला आठवत नाही. आठवतात त्या दुसऱ्या डावातल्या ४२. सोमवार, २४ जून. एकूण १७ षटकं. जेफ अरनॉल्ड ८ षटकांत १९ धावांत ४, ख्रिस ओल्ड ८ षटकांत २१ धावांत ५, हेंड्रिकचं एक षटक. सोलकर १८ वर नाबाद. चंद्रशेखर खेळायला येऊच शकले नाहीत. पुढे बर्मिंगहॅमला गावसकर सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाले, आणि इंग्लंडने दोनच गडी गमावून ४५९ वर डाव घोषित केला.

या तीन सामन्यांत वाडेकरांचं काही चुकलंच नाही, असं मी म्हणणार नाही. ड्रेसिंग रूम एकत्र ठेवणं हे कर्णधाराचं काम आहे आणि ते त्यांना त्या दौऱ्यात जमलं नाही. मितभाषी कर्णधाराची हीच अडचण असते. जिंकताना त्याला बोलावं लागत नाही, आणि हरताना बोलायला सुरुवात करायला उशीर झालेला असतो. ही टीका रास्त आहे. पण दगड त्यासाठी पडले नाहीत. दगड ४२ या आकड्यासाठी पडले, आणि १७ षटकांच्या त्या पडझडीत कर्णधार करू शकेल असं फार थोडं होतं.

त्यांचा एकूण हिशेब १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. पहिल्या तेरा कसोटींत पराभव एकच होता, उरलेले तीन त्या एका दौऱ्यातले. त्याच दौऱ्यात भारत पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यात वाडेकरांनी ६७ केल्या. परतल्यावर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं, आणि त्यांनी खेळणं थांबवलं. कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे गेलं.

वीस वर्षांनी तेच वाडेकर संघाचे व्यवस्थापक होते. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. त्यामागे विचार होता. श्रीलंका त्या स्पर्धेत पाठलाग करून जिंकत होती, तिला तो मोका द्यायचा नव्हता. श्रीनाथने पहिल्याच षटकात कालुवितरणा आणि जयसूर्या दोघांनाही परत पाठवलं. श्रीलंकेच्या २५१ धावांना उत्तर देताना आपण १ बाद ९८ होतो, तोवर निर्णय पटण्याजोगा होता. खेळपट्टी संध्याकाळी तुटली, ८ बाद १२० झाले, बाटल्या पडल्या, आणि सामना श्रीलंकेला देण्यात आला. खेळपट्टीचा अंदाज चुकला, हे खरं. पण ९८ ते १२० या दरम्यान निर्णय बदललेला नव्हता.

आता हे चक्र किती वेगाने फिरतं ते पाहा. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर रोहित शर्माच्या संघाची टी-२० विश्वचषकासह मिरवणूक निघाली. ३ नोव्हेंबरला, तिथून जवळच वानखेडेवर, न्यूझीलंडने २५ धावांनी हरवून मालिका ३-० अशी घेतली. वाडेकरांना तीन वर्षं मिळाली, रोहितला चार महिने. बंगळूरला ढगाळ हवेत फलंदाजी घेऊन ४६ वर सर्वबाद होणं ही कर्णधाराची चूक होती, आणि ती त्याने पत्रकार परिषदेत स्वतः मान्य केली. पण त्या मालिकेतले तिन्ही पराभव एकाच कारणाचे नव्हते. पुणे आणि मुंबईत आपली फलंदाजी आपल्याच फिरत्या खेळपट्ट्यांवर फिरकीपुढे कोसळली. मोबाइलवर मात्र तिन्हींना एकच शीर्षक मिळालं.

म्हणून पुढची कसोटी बघाल तेव्हा एवढं करा. नाणेफेकीआधी आपण काय घेतलं असतं ते कागदावर लिहा, पहिला चेंडू पडायच्या आत. चहापानाला धावा न बघता षटकांची वाटणी बघा, कोणत्या गोलंदाजाला किती लांब टप्पा दिला आणि कोणाला विसरले. फिरकी चालू असताना फलंदाजाच्या जवळ किती क्षेत्ररक्षक आहेत ते मोजा, आणि एक चौकार गेल्यावर त्यातला एक लगेच सीमेवर पाठवला जातो का, ते पाहा. सामना संपल्यावर निकाल झाकून तो कागद पुन्हा वाचा, आणि मग त्या कर्णधाराबद्दल बोला.