एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण

[पहाट. वैनगंगेवरचा पूल. एस. टी. बस.]

गडचिरोली जिल्ह्यात धानाची कापणी सुरू झाली आहे. वैनगंगेचा पूल ओलांडणाऱ्या या बसच्या मागच्या बाकांवर बसलेल्या मुली जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या परिचारिकांच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, आणि सकाळपाळी सुरू होण्याआधी त्यांना शाळेशी संलग्न असलेल्या रुग्णालयात पोहोचायचे आहे. शाळा आणि असे रुग्णालय यांच्यात किती अंतर असावे, हेही भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिलेले आहे. साधारणपणे ते १५ ते ३० किलोमीटर असावे, आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात जास्तीत जास्त ५० किलोमीटर चालू शकते. शहरातल्या वाचकाला ही सवलत किरकोळ वाटेल. येथे मात्र शाळा चालणार की नाही, हे अनेकदा तिच्यावरच ठरते.

[टेबलावर फाइलींचे गठ्ठे. भिंतीवर नुकताच लावलेला हजेरीतक्ता.]

आज शाळेत तपासणी आहे. प्राचार्यांच्या टेबलावर ज्या फाइली दिसत आहेत, त्यांत या संस्थेचा सगळा प्रवास आहे. परिचारिका घडवणाऱ्या संस्थेला एकाच दारातून मान्यता मिळत नाही. आधी राज्य शासनाची परवानगी लागते, त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांची पूर्तता दाखवावी लागते. अभ्यासक्रम बी.एस्सी. नर्सिंगचा असेल, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही घ्यावी लागते. जागेचा दाखला, शिक्षिकांची नोंदणी, ग्रंथालयाची यादी, वसतिगृहाचा नकाशा आणि संलग्न रुग्णालयाशी झालेला करार यांच्या प्रती प्रत्येक दारी पुन्हा जोडाव्या लागतात.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा अहवाल दिला, तेव्हा प्रशिक्षित परिचारिकांची टंचाई हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ संमत झाला आणि देशभर परिचर्या शिक्षणाचे एकसमान मान असावे, यासाठी परिषद स्थापन करण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात मात्र विदर्भ, मराठवाडा आणि जुना मुंबई इलाखा यांचे वेगवेगळे कायदे काही काळ चालूच राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने ते एकत्र आणले. १९४७ च्या कायद्याने निरीक्षकाला दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यास सांगितले आहे. ही संस्था प्रशिक्षणासाठी योग्य आहे का, हा पहिला प्रश्न; आणि तिथे मिळणारे प्रशिक्षण पुरेसे आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी फाइलीत सापडते. दुसऱ्या प्रश्नासाठी वॉर्डात जावे लागते, आणि आमचा कॅमेराही तिकडेच वळला.

[वॉर्ड. खाटांची रांग. परिसेविका रजिस्टर उघडते.]

हे रजिस्टर परिसेविकांच्या, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या प्रमुख परिचारिकांच्या, टेबलावर असते आणि त्यात रोज रात्री बाराचा सेन्सस, म्हणजे त्या क्षणी किती खाटांवर रुग्ण आहेत याची नोंद, लिहिली जाते. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी संस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, त्यातल्या ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असावी आणि एका विद्यार्थिनीच्या वाट्याला तीन रुग्ण यावेत, असे निकष सांगतात. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून त्यांचे गणित मांडून पाहू. शंभर खाटांपैकी ७५ भरल्या, तर एका वेळी २५ विद्यार्थिनींनाच तिथे खऱ्या अर्थाने शिकता येते. तुकडी त्याहून मोठी असेल, तर उरलेल्या मुली कुठे तरी दुसऱ्या रुग्णालयात असायला हव्यात. पहाटेची ती बस याच गणितामुळे धावते.

खाट भरलेली नसेल, तर विद्यार्थिनीच्या हाताला काम मिळत नाही, आणि हाताला काम मिळाल्यावाचून परिचर्या शिकता येत नाही. पावसाळ्यात हिवतापाचे आणि सर्पदंशाचे रुग्ण येतात, तेव्हा वॉर्डात जागा पुरत नाही. रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत मात्र अंगात ताप असला तरी माणूस धानाच्या बांधीतच उभा असतो. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवरून ग्रामीण रुग्णालयाची पारख करणे योग्य नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. वर्षभराचा सेन्सस शांतपणे वाचला, तर दाखवण्यापुरत्या भरलेल्या खाटाही लपत नाहीत आणि खरोखर राबणाऱ्या रुग्णालयावर अन्यायही होत नाही.

[प्रात्यक्षिक कक्ष. प्रसूतीचा पुतळा. विद्यार्थिनीचे हात.]

प्रात्यक्षिक कक्षातील ही विद्यार्थिनी बाळाचे डोके बाहेर येताना आपला डावा हात कुठे असावा, हे दाखवत आहे. तिच्या पाठ्यनिर्देशिकेने, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षिकेने, तिला तीनदा थांबवले आणि तीनदा पुन्हा सुरुवातीपासून करायला लावले. मानेभोवती नाळ आहे का, हे बोटाने चाचपणे, खांदा बाहेर येऊ देणे, बाळ कोरडे करून आईच्या पोटावर ठेवणे आणि मग वार पडण्याची वाट पाहणे, हा क्रम ती तोंडाने सांगत असताना तिचे हात तो आधीच करून मोकळे होतात. पुतळ्यावर हात असा बसल्याशिवाय तिला प्रसूतिकक्षात नेले जात नाही, आणि तिथेही तिने केलेले प्रत्येक काम लॉगबुकात तारखेनिशी लिहून त्यापुढे शिक्षिकेची सही घ्यावी लागते.

[गाव. मातीचे अंगण. विद्यार्थिनी घराघरांत.]

सामुदायिक आरोग्य परिचर्येसाठी ग्रामीण शाळेला गाव शोधावे लागत नाही; शाळेच्या फाटकाबाहेर पडले की गाव सुरूच होते. या घरात विद्यार्थिनी गरोदर बाईचा रक्तदाब मोजत आहे आणि आशाताई बाजूला बसून झाडीबोलीत तिला धीर देत आहेत. पुढच्या अंगणात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतला जात आहे. पूर्व विदर्भात हा आजार अनेक घरांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेला असल्याने येथील मुलींना तो पुस्तकाच्या आधी शेजारच्या घरातून कळलेला असतो. मान्यता देताना या कामाला आजच्यापेक्षा अधिक वजन मिळायला हवे, हे आम्ही येथे स्पष्टपणे नोंदवतो.

मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्या मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

[संध्याकाळ. पथकाची गाडी फाटकातून बाहेर.]

आता कायदाही बदलला आहे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम, २०२३ ने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली असून, त्यात शिक्षण, मूल्यमापन व मानांकन, आणि नीतिमत्ता व नोंदणी यांसाठी तीन स्वतंत्र मंडळे आहेत. संस्थांची तपासणी करणे, नव्या संस्थेला परवानगी देणे आणि मानांकन लोकांसमोर ठेवणे ही कामे त्यातील मूल्यमापन व मानांकन मंडळाकडे आहेत. मुलीला कुठल्या शाळेत घालावे, हे ठरवणाऱ्या बापाला ते मानांकन त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावात वाचायला मिळावे, एवढी आमची अपेक्षा आहे.

[वॉर्ड. दिवे लागले आहेत.]

पथक गेल्यानंतर लॉगबुके विद्यार्थिनींना परत मिळाली. प्रमाणपत्र हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. या मुलीच्या लॉगबुकात सहा ओळी कोऱ्या आहेत, कारण गेल्या आठवड्यात ती घरी धान कापायला गेली होती. आजपासून सहा दिवस तिची संध्याकाळची पाळी वॉर्डात असेल. परिसेविकांनी तिच्याकडे तीन खाटा सोपवल्या आहेत, आणि पहिल्या खाटेवरच्या आजीबाईंचा ताप ती आता पाहत आहे.