भाकर आधी वाढा

नमस्कार मंडळी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या एका लग्नात पोळ्या लाटणाऱ्या बाया उशिरा आल्या. पंगत बसून गेली होती, लोक ताटकळत होते. शुगरवाल्या म्हाताऱ्यांसाठी म्हणून ज्वारीच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. नाइलाजानं त्याच आधी वाढल्या, सोबत जवसाची चटणी. एरवी हे टोपलं शेवटी फिरतं, 'कोणाला भाकर पाहिजे का?' असं विचारत. चारचौघांत हात कोण वर करणार? त्या दिवशी विचारलंच नाही, सरळ पानात पडली. टोपलं पुसून रिकामं झालं!

२०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. मीही शाळेत त्यावर भाषण ठोकलं अन् घरी येऊन पोळीच खाल्ली. भाषणानं ताट बदलत नाही, हे मी स्वतःवरूनच सांगते.

भाकरच का, तर हवामानासाठी. हा हिशेब अवघड नाही. धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं, मातीला हवा मिळत नाही, मग तिथले जिवाणू मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतात. ज्वारी आपल्याकडे पावसावरच निघते. तूर तर मुळांच्या गाठींत हवेतला नत्र बांधून घेते, म्हणून तिला युरिया फारसा लागत नाही. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. म्हणजे भाकर अन् तुरीचं वरण, आपल्या आजीचंच जेवण. भंडारा-गोंदियाच्या माणसाला मात्र मी भात सोडा म्हणणार नाही. त्यांनी बांधीतलं पाणी मधूनमधून काढलं तरी मिथेन बरंच कमी होतं.

मग अडतं कुठं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनवर भरडधान्य १ रुपया किलो, गहू २ अन् तांदूळ ३ रुपये असं लिहिलं होतं. आमच्या दुकानात दिसले ते गहू-तांदूळच, अन् २०२३ पासून तेही फुकट. मग पैसे मोजून ज्वारी कोण आणेल?

अन् दुसरी अडचण चक्कीवर. गहू पंधरा किलो दळून ठेवता येतो. ज्वारीच्या पिठाची थोड्याच दिवसांत विरी जाते, भाकर थापता थापता कडेनं चिरते. म्हणून दोन-दोन किलोच दळावं लागतं, अन् तेवढ्यासाठी चक्कीवाला तोंड वाकडं करतो. गव्हावर दळून दिलं तर पिठात गहू येतो. आमच्या बचत गटानं त्याला गुरुवार मागितला: गुरुवारी फक्त ज्वारी. पहिल्या गुरुवारी चार डबे आले, तो कुरकुरला. आता सकाळीच ओळ लागते. आमच्या घरी आता आठवड्यातून चार दिवस भाकर असते. थापते मीच, हेही सांगून ठेवते. घरच्या माणसांनी अजून परातीला हात लावला नाही.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे कार्य आहे. आचाऱ्याला म्हटलं, भाकर आधी वाढायची, गरम. तो म्हणाला, "बाई, मग दोन चुली जास्तीच्या लागतील." चुलींचं पाहणं चालू आहे.

नमस्कार.