टाटामोबाईलमध्ये डायकॉर: इंजिन धरणाऱ्या फाउंडेशनचं काम

[दृश्य: चेन पुलीला लटकलेलं इंजिन, खाली उघडी चेसी]

हवेत लटकतंय ते सफारीचं 2.2 डायकॉर डिझेल इंजिन, 2179 सीसी, 140 हॉर्सपॉवर, आणि खाली जी वाट बघत उभी आहे ती टाटामोबाईल 206, टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1988 मध्ये काढलेली पिकअप. मूळचं 1948 सीसीचं इंजिन बिनटर्बोचं, माल भरून घाट आला की मागच्या गाड्यांची रांग लागायची. मालकाला सगळ्यांनी एकच सांगितलं, भंगारात घाला. आता ही चेसी बघा जरा खालून, कुठं गंज आहे सांगा, ही भंगार म्हणायची?

गॅरेज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं. इथं ऑइल इंजिनं तयार झाली, फाउंड्री आणि लेथवाले हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पार्ट मिळत नाही हे कारण इथं कोण ऐकून घेत नाही.

"ए बारक्या, चेन सोड की जरा... बास बास, धर."

मिस्त्रींचं लक्ष आधी चेंबरकडं, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीकडं. चेंबर क्रॉस मेंबरला, चेसीच्या आडव्या पट्टीला, टेकला की खेळ खलास, म्हणून तिथं बोटभर गॅप, पुढं फॅन आणि रेडिएटरमध्ये त्याहून जास्त, कारण इंजिन चालू झालं की हलणार. मग इंजिनची मागची बाजू तीनेक डिग्री खाली. ही तीन डिग्री हवेतून आलेली नाही, मागच्या डिफरन्शियलचा अँगल मोजून ठरवलीय, दोन्ही अँगल जुळले नाहीत तर मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, ओरडायला लागतात आणि लवकर जातात. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळे, वर चेन, इंजिन आता जागेवर, फक्त त्याला धरणारं काहीच नाहीये.

[क्लोजअप: पुठ्ठा कापणारी कात्री]

इथून खरं काम, फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन चेसीवर धरणाऱ्या ब्रॅकेट आणि रबरांचं. ब्लॉकचे बोल्ट आणि चेसी यांच्यामध्ये पुठ्ठा धरायचा, काळं ऑइल लागलेल्या बोटानं होल दाबून खूण करायची, कापायचं, परत लावून बघायचं. ड्रायव्हर साइडला स्टिअरिंग बॉक्स आडवा येतो म्हणून तिकडचा पुठ्ठा वेडावाकडा झालाय, बघा. तोच आकार दोन सूत, म्हणजे पाव इंच जाडीच्या लोखंडी प्लेटवर उतरवला, गॅस कटरनं कापला, ग्राइंडर मारला. होल मुद्दाम लांबट ठेवलेत, थोडं इकडंतिकडं सरकवता यावं म्हणून. जागेवर नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारले, मग रबर काढून ब्रॅकेट बाहेर, फुल वेल्डिंग टेबलावर. गाडीतच वेल्डिंग केलं तर रबर जळतं, आणि चेसीला वेल्डिंग करायचं तेव्हा बॅटरी आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉकेट आधी सोडायचं. वेल्डिंग पण एका दमात नाही, इंचभर इकडं, इंचभर तिकडं, नाहीतर प्लेट वाकते. शेवटी कोपऱ्याला आधार म्हणून तिकोनी पट्टी, गसेट. चेसीला जोड दिलाय तो उभ्या बाजूला, वरच्या-खालच्या कडेला आडवी वेल्डिंग हे मिस्त्री कुणाच्या बापाचं ऐकून करणार नाहीत, कारण चेसी तिथंच तडकते.

एवढं जाड कशाला असं वाटेल, तर इंजिनचा टॉर्क 320 न्यूटन मीटर, पण पहिल्या गिअरला तो साधारण चौपट होऊन मागं जातो आणि तेवढाच पीळ उलटा या फाउंडेशनवर येतो. क्लीनर साइडचं, म्हणजे डावीकडचं, ओढलं जातं, ड्रायव्हर साइडचं दाबलं जातं.

[दृश्य: पहिला स्टार्ट]

हे बघा, रेस दिली की क्लीनर साइड किंचित उचलते. तेवढी उचलायलाच पाहिजे, रबर त्यासाठीच आहे.

वायरिंग आणि ईसीयूचं काम वेगळ्या माणसानं केलं, ते शूट झालं नाही. कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, ती मिळेलच असं नाही, मिळाली तर आरसीवर इंजिन नंबर बदलायचा आणि इन्शुरन्सला कळवायचं. ब्रेक जुनेच आहेत, ते पुढच्या महिन्यात. तोपर्यंत आठवडाभर रिकामी चालवायची आणि फाउंडेशनचे बोल्ट परत एकदा टाईट करून घ्यायचे.