कपाळाच्या हाडापलीकडे

सायनसचा त्रास आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो. वाफ घेतली, आठवडाभर डोकं जड राहिलं, संपलं. बहुतेक वेळा ते खरोखरच तेवढ्यावर संपतं, कारण मुळात ती विषाणूची सर्दी असते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोगही नसतो. मी आज बोलणार आहे ते अशा मोजक्या रुग्णांबद्दल, ज्यांच्यात हा संसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. संख्या थोडी, पण त्यांत एरवी धडधाकट असलेली किशोरवयीन मुलं बरीच असतात, म्हणून हा विषय मला स्वस्थ बसू देत नाही.

याच वयात का? कपाळातलं सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी, जन्मतः नसतंच म्हटलं तरी चालेल. ६-७ वर्षांच्या सुमारास ते भुवईच्या वर चढू लागतं आणि विशीच्या आसपासपर्यंत वाढत राहतं. वाढत्या हाडाला रक्तपुरवठा भरपूर असतो. पायातल्या शिरांना झडपा असतात, त्यामुळे रक्त मागे फिरत नाही. कपाळाच्या हाडातल्या बारीक शिरांना झडपाच नाहीत! सायनस पुवाने तुंबलं की या शिरांत जंतूंनी भरलेली गुठळी होते आणि ती हाडातून वाट काढत आत सरकते. म्हणूनच कधी कधी स्कॅनमध्ये हाड अखंड दिसतं, आणि तरी पलीकडे पू असतो.

हा पू नेमका कुठे साचला, यावर पुढचं सगळं ठरतं. हाड आणि मेंदूचं बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये असेल, तर तो बरेच दिवस गप्प राहू शकतो. आवरणाच्या आत शिरला की त्याला अडवणारं फारसं काही उरत नाही. तो मेंदूच्या पृष्ठभागावर झपाट्याने पसरतो, फिट येते, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाते. मेंदूच्या अगदी पुढच्या भागात गळू झालं, तर मात्र लक्षणं फसवी असतात. मुलगा चिडचिडा झालाय, कशात लक्ष नाही, नुसता पडून असतो, एवढंच घरच्यांना जाणवतं.

एक १४ वर्षांचा मुलगा डोळ्यासमोर आणा. सर्दी उतरत आली होती, आणि ताप उलटला. कपाळ ठणकतंय, उलट्या होताहेत. सकाळी आई बघते तर भुवयांच्या मध्ये सूज: मऊ, बोटाने दाबली तर खळगा पडेल अशी. अठराव्या शतकात लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी या सुजेचं वर्णन केलं, तेही डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत. त्यांच्यावरून तिला 'पॉट्स पफी ट्यूमर' म्हणतात. नावात 'ट्यूमर' असला तरी ती कर्करोगाची गाठ नव्हे. हाड कुजून त्यावर पू साचलेला असतो. अशा मुलाला गोळी देऊन घरी पाठवू नये. त्याच दिवशी कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये पू उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन स्कॅन हवा, शक्य तर एमआरआय. आणि स्कॅन होण्याआधी पाठीतून पाणी काढायची घाई नको. कवटीच्या आत दाब वाढलेला असेल, तर ते जिवावर बेतू शकतं.

उपचार कान-नाक-घसा आणि मेंदूचे सर्जन मिळून करतात. बऱ्याचदा एकाच भुलीत दुर्बिणीने सायनस मोकळं करतात आणि कवटी उघडून पू काढतात. पुवात सहसा स्ट्रेप्टोकोकस आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू एकत्र सापडतात, त्यामुळे एका औषधावर भागत नाही. अँटिबायोटिक शिरेतून, अनेक आठवडे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, मुलगा उठून बसला, की घरचे विचारतात, 'आता सुई बंद करायची का?' मी त्यांना स्कॅन दाखवतो. त्या दिवशी गळवाची कड तिथे अजून स्पष्ट दिसत असते.